हळदीचा बेंजो आणि साहेबी व्हायोलिनं

मागच्या महिन्यात बचत गटाची बैठक संपली आणि विषय निघाला 'सैराट'च्या गाण्यांचा. एक ताई म्हणाल्या, "गोष्ट करमाळ्याकडची, पोरं गावातली, मग त्या गाण्यांना ती साहेबी व्हायोलिनं कशाला?" प्रश्न चांगला होता, म्हणून आज त्यावरच बोलू.

आधी वाद्यांच्या दोन घराण्यांची ओळख करून घेऊ. पहिलं घराणं बँडचं. इलेक्ट्रिक गिटार, बेस गिटार आणि ड्रम घेऊन चार-पाच जण जे वाजवतात, तो रॉक बँड. आपल्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये डिसेंबर 2019 मध्ये यू-टू आणि जानेवारी 2025 मध्ये कोल्डप्ले येऊन गेले, ते अशाच जातीचे बँड. आपल्याकडे आगरी-कोळी हळदीला वाजतो तो बेंजोही त्यांचा लांबचा भाऊच. तारेचं वाद्य विजेवर मोठं केलेलं, सोबत दणदणीत ताल. या घराण्याचं काम एकच, पायांना उठवायचं.

दुसरं घराणं ऑर्केस्ट्राचं. पाटी लावून कार्यक्रम करतो तो नव्हे, सिम्फनीचा. व्हायोलिन, चेलो, बासरी, तुतारीसारखी पितळी वाद्यं असे पन्नास-साठ वादक समोरच्या कागदावरची स्वरलिपी वाचून एकत्र वाजवतात. एकटं व्हायोलिन एका माणसाचं रडणं वाटतं, पण तीस व्हायोलिनं एकत्र वाजली की सगळं आभाळ भरून आल्यासारखं वाटतं.

ही दोन घराणी एकत्र नांदवणं सोपं नाही. ड्रमच्या दणक्यात व्हायोलिन बुडतं. बेस गिटार आणि चेलो दोन्ही खर्जात बोलतात, त्यामुळे एकमेकांच्या पायात येतात. म्हणून बहुतेक वेळा त्यांचं ध्वनिमुद्रण वेगवेगळं करतात. सगळ्यांच्या कानातल्या हेडफोनवर घड्याळासारखी एकच टिकटिक चालू असते, तिच्यावर सगळे वाजवतात आणि मागाहून ते जुळवलं जातं. कोणी कधी बोलायचं आणि कोणी गप्प बसायचं, हे संगीत संयोजक ठरवतो. बैठक चालवण्यासारखंच आहे हे.

आपल्या सिनेमात हे काम जुनं आहे. चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेले गोव्याचे वादक मुंबईत आले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतले एक. त्यांनी 1958 मध्ये भारतीय सूर आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणण्यासाठी स्वतःचा ऑर्केस्ट्रा उभा केला. आर. डी. बर्मन आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. पुढे बर्मन यांनी इलेक्ट्रिक गिटार आणि व्हायोलिनचा मोठा ताफा एकाच गाण्यात बसवून दाखवला.

आता 'सैराट'. नागराज मंजुळे यांचा हा सिनेमा 29 एप्रिल 2016 रोजी आला. संगीत अजय-अतुल या भावांचं. त्यांनी सिम्फनीचा भाग थेट अमेरिकेत, लॉस एंजेलिसच्या सोनी स्टुडिओत मुद्रित केला. बोली मात्र गावचीच राहिली.

ताईंच्या प्रश्नाचं माझं उत्तर इथे आहे. असा भव्य वाद्यवृंद एरवी राजेरजवाड्यांच्या, नाहीतर परदेशात फिरणाऱ्या श्रीमंत प्रेमिकांच्या गोष्टीला मिळतो. इथे तो मासेमारी करणाऱ्या घरातल्या परशाला आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्या आर्चीला मिळाला. 'याड लागलं'मध्ये परशा धावत सुटतो आणि मागे ती व्हायोलिनं उसळतात, तेव्हा संगीत सांगतं की या पोराचं प्रेम कोणा राजपुत्राच्या प्रेमापेक्षा तसूभरही लहान नाही. गावाने जे मोल दिलं नाही, ते संगीताने दिलं.

आणि 'झिंगाट'? ते पायांचं गाणं. आपल्या हळदीत त्यावर आजीसुद्धा नाचते. पण सिनेमात काय होतं आठवा. त्याच रात्री दोघं पकडले जातात. चारही गाणी त्याच्या आतच संपतात. पुढे दोघं पळून हैदराबादला जातात, संसार मांडतात, आर्ची कामाला लागते, पण पुन्हा एकही गाणं येत नाही.

शेवट तर तुम्हाला माहीतच आहे. बाळ दाराशी येतं, आई-बाबांना पाहतं आणि रडतं. त्या रडण्याचा आवाजसुद्धा आपल्याला ऐकू येत नाही. एवढा मोठा वाद्यवृंद आधी ऐकवला म्हणूनच ही शांतता इतकी अंगावर येते.

आमच्या त्या बैठकीत हे बोलून झाल्यावर थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही. मग त्याच ताई म्हणाल्या, "माझी मुलगी हल्ली घरात गाणं म्हणत नाही. आज विचारते तिला." मैत्रिणींनो, पुढच्या हळदीत 'झिंगाट'वर जरूर नाचा. पण घरातलं एखादं गाणं अचानक थांबलं असेल, तर तेही ऐका. आणि रागवायच्या आधी विचारा.