शॉकअपचे तेल गळते, दोष नेहमी सीलचा नसतो

यामाहा आरएक्स १०० हे नाव निघाले की एका पिढीचे डोळे अजून चमकतात. ९८ सीसीची ही टू-स्ट्रोक गाडी भारतात १९८५ मध्ये आली आणि १९९६ मध्ये बंद झाली. तिची बहीण आरएक्सएस १०० इथे ब्रिटनमध्ये विकली जात असे, हे मात्र आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. मंडळातल्या आम्हा तीन कुटुंबांनी मिळून अशीच एक १९८४ ची गाडी घेतली. तिच्या पुढच्या दोन्ही शॉकअपमधून तेल गळत होते. आधीच्या मालकाने एका वर्कशॉपमधून दोनदा सील बदलून घेतले होते, त्याच्या पावत्याही दिल्या होत्या. तरी तेल गळतच होते.

आमच्यातल्या एकांचा मुलगा नुकताच सतरा वर्षांचा झाला आहे. सीबीटी झाली की एल-प्लेट लावून त्याला ही गाडी चालवता येईल. शिवाय मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या, मोठे फेरफार न केलेल्या गाड्यांना एमओटी लागत नाही. सोय चांगली, पण याचा दुसरा अर्थ असा की पुढचा शॉकअप गळतो आहे हे सांगायला वर्षातून एकदाही तिऱ्हाईत माणूस येणार नाही. गळलेले तेल नळीवरून ओघळत चाकाच्या हबपर्यंत जाते. ते ब्रेकच्या लायनरमध्ये मुरले तर पावसात, उतारावर काय होईल ते वेगळे सांगायला नको. म्हणून ब्रेक शू आधी पाहा. तेल प्यालेला शू धुऊन वापरू नये, नवा घालावा.

तेल नेमके कुठून येते तेही पाहावे. नळीच्या वरच्या तोंडाशी ओले असेल तर सील. खाली अ‍ॅक्सलजवळ थेंब दिसत असतील तर तळाच्या एलन बोल्टखालचा तांब्याचा वॉशर. हा वॉशर चार आण्यांची वस्तू. उघडलेच आहे तर बदलून टाकावा.

आता मुख्य मुद्दा. सील नायट्राइल रबराचे असते. ब्युटाडाइन आणि अ‍ॅक्रिलोनायट्राइल यांपासून होणारे हे रबर तेलात फुगत नाही, म्हणून इथे वापरतात. पण हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन त्याला वर्षानुवर्षे कुरतडत राहतात. ते कडक होते, ओठाला बारीक चिरा पडतात. चाळीस वर्षांच्या सीलचे असे होणारच. पण जे सील गेल्याच वर्षी घातले, ते का गळावे?

उत्तर दांडीवर असते. शॉकअपच्या आतली दांडी पोलादाची, वर कठीण क्रोमचा पातळ थर. या थराला मुळातच अतिसूक्ष्म भेगा असतात. इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. ते खारट पाणी भेगांतून पोलादापर्यंत पोचते. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे तो वरचे क्रोम उचलतो आणि तिथे खड्डा पडतो. खड्ड्याची कड कानशीसारखी. गाडी प्रत्येक खाचखळग्यात खाली-वर होते तेव्हा ही कानस नव्या सीलच्या ओठावरून फिरते. असे दहा सील बदला, दहाही फाटतील. (मुंबईच्या खाऱ्या हवेतल्या गाड्यांचे दुखणेही हेच.)

म्हणून नवे सील मागवण्याआधी दांडी पुसून तिच्यावरून नख किंवा जुना नायलॉनचा मोजा फिरवावा. अडकले की खड्डा सापडला. दांडीला एक केबल-टाय सैलसर बांधून फेरी मारली तर सील कुठवर धावते तेही कळते. त्या पट्ट्याच्या वरचे, हेडलाइटमागचे खड्डे निरुपद्रवी. पट्ट्यातले एखाद-दोन बारीक खड्डे असतील तर तेलदगडाने कडा मारून, अ‍ॅसिटोनने पुसून, अ‍ॅराल्डाइट भरून, पुरते सुकल्यावर २००० नंबरच्या ओल्या पेपरने सपाट करता येतात. आम्ही डाव्या दांडीवर तेच केले. उजवीचे क्रोम पापुद्र्यासारखे सुटत होते, तिथे नवी दांडी घेतली. क्रोमियमचा मुलामा घरी देण्याच्या फंदात मात्र कोणी पडू नये. त्यातले षट्‌संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. आणि अ‍ॅसिटोन नव्या सीलला लावू नका, नायट्राइल त्यात फुगते.

उघडताना क्रम महत्त्वाचा. तळाचा एलन बोल्ट शॉकअप अखंड असतानाच ढिला करावा. आतल्या स्प्रिंगच्या दाबामुळे डॅम्परची कांडी धरलेली राहते, नाहीतर बोल्टबरोबर तीही गरगर फिरत बसते. वरचे बूच दांडी पकडीत घट्ट असतानाच सैल करावे आणि शेवटचे आटे सोडताना तळव्याने दाबून धरावे, चेहरा बाजूला ठेवून. जुने सील उपसताना नळीच्या काठावर चिंधी ठेवावी. नवे सील बसवताना त्याची बारीक स्प्रिंगची बाजू खाली, तेलाकडे. ठोकायला मापाचा प्लॅस्टिक पाइप पुरतो. ओठाला शॉकअपचेच तेल लावावे आणि दांडीच्या टोकावर पातळ प्लॅस्टिक गुंडाळून मगच सरकवावे.

तेल मॅन्युअलमध्ये दिले आहे तेवढेच, दोन्ही बाजूंना सारखे, मोजपात्राने मोजून. ‘थोडे जास्त असलेले बरे’ हा आपला फोडणीचा न्याय इथे चालत नाही. तेल वाढले की वरची हवा कमी उरते, तीच दाबली जाऊन दाब फार चढतो आणि सील बाहेर ढकलले जाते.

काढलेले तेल गटारात न ओतता डब्यात भरून कौन्सिलच्या रिसायकलिंग केंद्रावर द्यावे. लांब दांड्याची एलन-की आणि मोजपात्र आमच्याकडे आहे. कोणाला हवे असल्यास मासिक सभेच्या दिवशी सांगावे, आणू. मोजपात्र परत स्वयंपाकघरात जाणार नाही याची काळजी ज्याची त्याने घ्यावी.