संज्ञापन आणि प्रकाशन क्षेत्रासाठी महाविद्यालय कसे निवडावे?

तुळई निवडण्याआधी अभियंता तिच्यावर भार किती येणार हे विचारतो. महाविद्यालयाची निवडही तशीच करावी. आधी काम ठरवा, मग संस्था. येथे तुमची तीन वर्षे आणि घरच्यांचे पैसे पणाला लागलेले असतात.

उदाहरणासाठी बेंगळुरूचा कोरमंगला परिसर घेऊ. येथील ज्योती निवास हे 1966 मध्ये सुरू झालेले महिलांचे स्वायत्त महाविद्यालय आहे. जवळच होसूर रस्त्यावर ख्राइस्ट आहे. ते 1969 मध्ये महाविद्यालय म्हणून सुरू झाले आणि 2008 मध्ये अभिमत विद्यापीठ झाले. दोन्ही संस्था नावाजलेल्या आहेत, म्हणून केवळ नावावरून निवड होत नाही.

1. पदवी कोणाची?
संलग्न महाविद्यालयात अभ्यासक्रम आणि परीक्षा विद्यापीठाची असते. स्वायत्त महाविद्यालय अभ्यासक्रम व परीक्षा स्वतः ठरवते, पदवी मात्र विद्यापीठ देते. अभिमत विद्यापीठ पदवीही स्वतःच देते. स्वायत्ततेमुळे अभ्यासक्रम लवकर बदलता येतो, पण तो खरोखर बदलला आहे का, हे गेल्या दोन-तीन वर्षांचे अभ्यासक्रम शेजारी ठेवून पाहा.

2. हाताला काय काम मिळते?
दोनशे पानांचे पुस्तक सोळा पानी फर्म्यात बसवले तर साडेबारा फर्मे होतात. उरलेल्या अर्ध्या फर्म्याचे काय करायचे, हा प्रश्न प्रकाशकाला रोज पडतो. जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे बिघडतात, ती तपासावी लागतात. मुद्रितशोधन, पानांची मांडणी, स्वामित्वहक्क हे विषय केवळ व्याख्यानात आहेत की प्रात्यक्षिकातही, ते विचारा. विद्यार्थ्यांनी काढलेला अंक मागून घ्या आणि त्यातल्या चुका मोजा.

3. शहर काय देते?
बेंगळुरूत सॉफ्टवेअर कंपन्यांमुळे तांत्रिक लेखनाची कामे आहेत. येथे विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पार्श्वभूमी उपयोगी पडते. 2004 मध्ये सुरू झालेली प्रथम बुक्स ही बालपुस्तकांची संस्थाही याच शहरातली. मराठी वृत्तपत्र किंवा ग्रंथव्यवहारात जायचे असेल, तर मात्र पुणे-मुंबई जवळचे. पदवीनंतर पुण्याचे रानडे इन्स्टिट्यूट हा पर्याय आहे. म्हणजे बेंगळुरूत पदवी आणि पुण्यात पदव्युत्तर शिक्षण असा मार्गही निघतो.

4. एकूण खर्च किती?
फक्त वार्षिक शुल्काची तुलना करू नका. वसतिगृह, जेवण, प्रवास, संगणक आणि बिनपगारी प्रशिक्षणाचे महिने धरून तीन वर्षांची बेरीज करा. कर्ज घ्यायचे असेल, तर त्याच क्षेत्रातील नवख्याच्या पगारातून हप्ता निघेल का, हे माजी विद्यार्थ्यांशी बोलून ठरवा.

मराठीला ओझे समजू नका. दोन भाषांत नीट संपादन करणारी माणसे कमीच सापडतात.

सराव: प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या खुल्या मंचावर (सुरुवात 2015) एक लहान गोष्ट निवडून तिचा मराठी अनुवाद करा. तो दोनदा तपासून पूर्ण करताना कंटाळा आला, तर हे क्षेत्र निवडण्याआधी पुन्हा विचार करा. गोडी वाटली, तर प्रवेशाच्या मुलाखतीत दाखवायला तुमच्याजवळ पहिले काम तयार असेल.