नाव पटावर, परवाना रजेवर

आपल्या सभासद कुटुंबांतील कित्येक मुलेमुली आज परदेशी डॉक्टर व परिचारिका आहेत. माझी एक जुनी विद्यार्थिनी विलायतेत डॉक्टर आहे. आईच्या दुखण्यामुळे तिला दोन वर्षे बेळगावी येऊन राहणे भाग पडले. निघण्यापूर्वी तिने मला विचारले, “सर, काम थांबवले तर इतक्या वर्षांची सनद जाईल का?” हा प्रश्न उद्या कोणत्याही घरात उभा राहील, म्हणून थोडी माहिती देतो.

शाळेत रजेचा अर्ज देणारा मुलगा आणि न सांगता गैरहजर राहिल्याने पटावरून नाव गेलेला मुलगा यांत जो फरक, तोच येथे आहे. ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने नोव्हेंबर २००९ पासून नोंदणी व परवाना या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. डॉक्टरला परवाना आपण होऊन परत करता येतो आणि नाव नोंदवहीत ठेवता येते. वार्षिक फी भरावीच लागते, पण ती कमी असते. डिसेंबर २०१२ मध्ये सुरू झालेली ठरावीक मुदतीची फेरतपासणीही तेवढ्या काळापुरती लागू होत नाही.

या काळात मात्र तेथे डॉक्टरकी करता येत नाही. औषध लिहून देणे नाही, मृत्यूचा दाखला देणे नाही. वर्तनाचे नियम तेवढे कायम राहतात. परत जावयाचे झाले की अर्ज करून परवाना पुन्हा मागता येतो. फी न भरल्यामुळे नावच गेले, तर ते परत लावून घेण्याचा खटाटोप निराळा.

परिचारिकांसाठी तेथे अशी सोय नाही. त्यांना दर तीन वर्षांनी नूतनीकरणाच्या वेळी ४५० तासांचे काम व ३५ तासांचे शिक्षण दाखवावे लागते. ते न जमल्यास नोंद संपते, आणि परतताना अभ्यासक्रम किंवा परीक्षा पदरी पडते. तेव्हा त्यांनी निघण्यापूर्वी आपले तास मोजून पाहावेत.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विलायतेच्या नोंदणीवर येथे रुग्ण पाहता येत नाहीत. त्यासाठी येथील वैद्यक परिषदेची नोंदणी हवी.

माझ्या विद्यार्थिनीने आधी अर्ज केला, मग तिकीट काढले. आईच्या उशाशी बसलेल्या मुलीला निदान सनदेची काळजी नसावी. म्हणून आपल्या मुलांना एवढेच सांगावे: थांबायचे तर खुशाल थांबा, पण रजेचा अर्ज देऊन थांबा.