गुडघाभर पाण्याचा जोर

पाणी गुडघाभर असले की ओढा पायी ओलांडता येतो, हा समज गेवराई तालुक्यातल्या उमापूरपासून सह्याद्रीपर्यंत सगळीकडे आहे. पण खोलीइतकीच ओढ (प्रवाहाचा जोर) महत्त्वाची असते. वेग दुप्पट झाला की पायांवरचा रेटा चौपट होतो. जत्रेतली थांबलेली गर्दी वाट देते; तीच चालू लागली की उचललेला पाय टेकत नाही, तसेच हे. शिवाय टाचेखालची वाळू सरकत जाते आणि गढूळ पाण्यात खड्डा दिसत नाही. पाऊस थांबला म्हणजे धोका टळला, असेही नाही. गेवराई तालुक्याच्या उत्तरेकडील गोदावरी, जायकवाडी धरणातून विसर्ग (धरणातून सोडलेले पाणी) वाढला की निरभ्र आकाशाखालीही चढते. पाणी ओसरेपर्यंत कृपया अलीकडेच थांबा.