लहानग्यांच्या पावलांनी : सातारा-सांगलीतील चार सोप्या वाटा

सुट्टी लागली की अनेक कुटुंबे गाडी काढून महाबळेश्वर-पाचगणी गाठतात. गाडी थेट कड्यापर्यंत जाते, छायाचित्रे काढून होतात, मक्याची कणसे खाऊन होतात आणि परतीच्या वाटेवर मुले मागच्या आसनावर झोपी जातात. घरी आल्यावर ‘काय पाहिलेस?’ असे विचारले, तर घोडा आणि कणीस एवढेच त्यांना आठवते. दोष मुलांचा नाही. ज्या भूमीवर त्यांचे पाय टेकलेच नाहीत, ती त्यांच्या स्मरणात राहावी कशी?

वाचकहो, सातारा आणि सांगली जिल्ह्यांत चार-पाच वर्षांच्या मुलांनाही झेपतील अशा वाटा आहेत. त्यांतील चार वाटांचा परिचय येथे करून देत आहोत. तत्पूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मोठी माणसे ठिकाणी पोहोचण्यासाठी चालतात. मूल मात्र एका दगडाकडून दुसऱ्या मुंगळ्याकडे चालते. म्हणून जाऊन-येऊन दोन किलोमीटर पुरेसे मानावेत, वेळ मात्र दुप्पट हाताशी ठेवावा आणि चालण्याची गती सर्वांत धाकट्याने ठरवावी.

पहिली वाट पाचगणीच्या टेबललँडची. वर आल्यावर चढ संपतो आणि जांभ्या खडकाचे विस्तीर्ण सपाट मैदान लागते, म्हणून नुकतेच चालू लागलेले मूलही येथे आनंदाने बागडते. ज्या खडकावर आपण उभे आहोत तो कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून घडला आहे, एवढे सांगितले तरी मुलांचे डोळे विस्फारतात. सकाळी लवकर जावे. कडा खोल आहेत; त्या बाजूला मुलाचा हात क्षणभरही सोडू नये.

दुसरी वाट सातारा शहराच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरवर असलेल्या कास पठाराची. पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांना २०१२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत कासचा समावेश आहे. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत येथे फुलांचा बहर असतो. या काळात प्रवेशावर मर्यादा असते. म्हणून आगाऊ नोंदणी करूनच निघावे. मुलांना गुडघे टेकून जमिनीलगतचे दवबिंदू हे रोपटे दाखवावे. त्याच्या पानांवरचे चिकट थेंब दवासारखे चमकतात आणि त्यांवर बसलेला कीटक तेथेच अडकतो. खडकावरील मातीचा थर इतका पातळ आहे, की त्यातून झाडाला पुरेसे पोषण मिळत नाही; ती उणीव हे रोपटे कीटक पचवून भरून काढते. त्याच कारणाने आखलेली वाट सोडून पाऊल टाकू नये. फूल न तोडण्याचा धडा घरी शंभरदा सांगून जो कळत नाही, तो येथे सहज कळतो.

तिसरी वाट सांगली जिल्ह्यातील सागरेश्वर अभयारण्याची. अभयारण्य लहान आहे, सुमारे ११ चौरस किलोमीटरचे. परंतु त्याची कथा मोठी आहे. एके काळी उजाड असलेल्या या डोंगरांवर धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने लोकांनी झाडे लावली, ती जगवली आणि १९८५ मध्ये येथे अभयारण्य घोषित झाले. चितळ, सांबर व काळवीट येथे दिसू शकतात; मात्र बोलणे हळू आणि वेळ सकाळची हवी. जंगल माणूस तोडतो हे मुले शाळेत शिकतात. जंगल माणूस उभेही करतो हे त्यांनी येथे पाहावे. जवळचे देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. परतताना तेथेही थांबता येईल.

चौथी वाट पुन्हा सातारा जिल्ह्यात, कृष्णाकाठी आहे. वाईपासून अवघ्या तीन किलोमीटरवर मेणवली गाव आहे. गावाबाहेरच वाहन ठेवावे आणि गल्ल्यांतून चालत नाना फडणवीसांच्या वाड्यावरून घाटावर उतरावे. नदीकाठी मंदिराशेजारी एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हे वर्ष आणि बाळ येशूसह पवित्र मरियेची आकृती आहे.

‘मरियामाता इथे कशी आली?’ हा प्रश्न आपले मूल विचारणारच. त्याला टाळू नये. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून वसई जिंकली. तेथील चर्चच्या अनेक घंटा विजयाची खूण म्हणून आणल्या गेल्या आणि निरनिराळ्या मंदिरांत टांगल्या गेल्या; ही त्यांपैकीच एक. ही युद्धाची आठवण आहे, हे मुलाला सांगावे. त्याचबरोबर हेही दाखवावे, की मंदिराच्या परिसरात इतका काळ लोटूनही घंटेवरची माता व बाळ आजही ओळखता येतात. आपण आणि आपले शेजारी एकाच मातीचे आहोत, हे सांगायला याहून चांगली जागा आम्हांस ठाऊक नाही.

निघण्यापूर्वी काही गोष्टी पाहाव्यात. मेणवलीच्या वरच्या अंगाला धोम धरण आहे. पावसाळ्यात विसर्गाची सूचना असेल तर घाटावर जाऊ नये, आणि एरवीही मुलांना पाण्यात उतरू देऊ नये. कडेकपारीत आग्यामोहोळ दिसल्यास धूर, दगडफेक व आरडाओरडा कटाक्षाने टाळावा. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांची वर्दळ असते. म्हणून रस्त्याच्या कडेने मुलांना चालवू नये. उन्हाळ्यात नऊच्या आत परत फिरावे. पाणी, टोपी, भाकरी-चटणी आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड सोबत असावा.

मूल मध्येच थकले आणि पुढे जायचे नाही म्हणाले, तर खुशाल परतावे. जेथपर्यंत ते स्वतःच्या पायांनी गेले, तेथपर्यंतची वाट त्याची झाली. उरलेली वाट पुढच्या सुट्टीत चालता येईल.