व्हिसा लागतच नाही म्हणे!

गेल्या रविवारी गुडलकमध्ये बनमस्का टेबलावर यायच्या आत माझ्या मामेभावाची इराणची सहल आखून झाली होती. मार्चमध्ये नवरोजला शिराझ, तिथून पर्सेपोलिसचे भग्न खांब, इस्फहानचा चौक, शेवटी यझ्दचं अग्निमंदिर. सगळं तोंडपाठ. मग मस्का लावलेल्या बोटाने मोबाइल वर करत म्हणाला, "आणि ताई, आपल्याला व्हिसा लागतच नाही. तिकीट काढायचं आणि सुटायचं."

हे वाक्य दोन महिन्यांत मी चौथ्यांदा ऐकलं. एकदा तळजाईवर फिरायला येणाऱ्या एका काकांकडून, एकदा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेल्या 'भारतीयांना व्हिसाशिवाय प्रवेश देणारे देश' या रंगीबेरंगी यादीत, आणि एकदा चक्क पर्यटनाचा धंदा करणाऱ्या माणसाच्या तोंडून. पहिल्यांदा मी शांतपणे समजावलं. चौथ्यांदा माझा चहा गार झाला.

पुणेकराला इराणला जावंसं वाटावं यात नवल नाही. आपल्या सकाळी इराण्यांच्या हॉटेलांत सुरू झाल्या, कॅम्पातले पारशी शेजारी एकवीस मार्चला जमशेदी नवरोज साजरा करतात, आणि एके काळी पुण्याच्या कॉलेजांत इराणी विद्यार्थी ओळीने बसलेले असत. ओढ खरी आहे. माहिती मात्र शिळी आहे.

गैरसमज: इराणला भारतीयांना व्हिसा लागत नाही.

ही अफवा नाही, मुदत संपलेली बातमी आहे, आणि म्हणूनच ती खोडून काढणं जड जातं. ४ फेब्रुवारी २०२४ पासून इराणने साधा पासपोर्ट असलेल्या भारतीयांना खरोखरच व्हिसातून सूट दिली होती. पण तेव्हाही 'लागतच नाही' हे अर्धंच खरं होतं, कारण सुटीला चार अटी होत्या. हेतू फक्त पर्यटन. सहा महिन्यांतून एकदाच. मुक्काम जास्तीत जास्त पंधरा दिवस, वाढवून मिळणार नाही. आणि प्रवेश फक्त विमानाने. यातली एक अट जरी बसली नाही तरी रीतसर व्हिसा काढावा लागे. यादी फिरवणाऱ्यांनी या चारही अटी गाळल्या आणि देशाच्या नावापुढे हिरवी खूण तेवढी ठेवली.

मग २२ नोव्हेंबर २०२५ ला ती सूटही स्थगित झाली. त्याआधी पाच दिवस आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने हे जाहीर केलं होतं. त्या तारखेपासून इराणमध्ये शिरायला व्हिसा हवा. नुसतं तेहरानला विमान बदलून पुढे जायचं असेल, तरीही हवा. यादीतली हिरवी खूण मात्र कोणी पुसली नाही.

सूट का गेली, हे सांगितल्यावर समोरचा थोडा गंभीर होतो, म्हणून ते सांगते. व्हिसा लागत नाही याचा सर्वांत जास्त उपयोग पर्यटकांनी केला नाही, भामट्या एजंटांनी केला. नोकरी देतो, इराणमार्गे पुढच्या देशात पोचवतो, असं सांगून तरुणांना तेहरानच्या विमानात बसवायचं आणि तिथे उतरल्यावर टोळीच्या हवाली करायचं. मे २०२५ मध्ये पंजाबचे तीन तरुण असेच ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर म्हणून तेहरानला उतरले आणि बेपत्ता झाले. घरच्यांकडे खंडणीचे फोन आले. महिनाभराने तेहरान पोलिसांनी त्यांची सुटका केली. सप्टेंबरमध्ये मंत्रालयाने इशारा दिला, तरी प्रकार थांबले नाहीत. शेवटी दारच बंद करावं लागलं. मंत्रालयाने स्पष्ट शब्दांत सांगितलं, की व्हिसाशिवाय इराणला किंवा इराणमार्गे पुढे नेतो म्हणणाऱ्या एजंटांपासून लांब राहा.

"बघू, तिथे पोचल्यावर काहीतरी होईल," हे यावरचं खास आपलं उत्तर. अहो, तिथे पोचणारच नाही. प्रवाशाची कागदपत्रं तेहरानच्या अधिकाऱ्याआधी मुंबईच्या चेक-इन काउंटरवरची मुलगी बघते. कोणत्या पासपोर्टवर कोणत्या देशात जायला काय लागतं, याची टिमॅटिक नावाची प्रणाली विमान कंपन्या वापरतात आणि ती अद्ययावत असते. अपुऱ्या कागदांचा प्रवासी नेला, तर त्याला परत आणायचा भुर्दंड कंपनीवर पडतो. त्यामुळे ती मुलगी तुमच्या ग्रुपवरची यादी बघणार नाही. तुमची बॅग पट्ट्यावर चढणार नाही, एवढंच होईल.

मामेभाऊ इथे जरा नरमला. "बरं, मग व्हिसा काढतो. व्हिसा मिळाला म्हणजे झालं ना?"

नाही. खरा गैरसमज हा आहे. वरचा नुसता त्याचा फुटवा होता.

व्हिसा मिळाला म्हणजे सगळं ठीक?

व्हिसा एकाच प्रश्नाचं उत्तर देतो: तुम्हाला दारापर्यंत येऊ द्यायला त्या देशाची हरकत आहे का? तेही पक्कं नाही, कारण शेवटचा निर्णय विमानतळावरच्या अधिकाऱ्याचा असतो. तिथे जाणं सुरक्षित आहे का, हा प्रश्न व्हिसा देणाऱ्याला कोणी विचारलेलाच नसतो. लग्नाची पत्रिका आली म्हणून घाटात दरड कोसळलेली नाही असं आपण धरत नाही. व्हिसाच्या बाबतीत मात्र शिकलेली माणसंही अगदी तसंच धरून चालतात.

सुरक्षिततेबद्दल बोलणारं खातं वेगळं: आपलं परराष्ट्र मंत्रालय आणि त्या देशातला आपला दूतावास. जानेवारी २०२६ मध्ये इराणमध्ये निदर्शनं पेटली, तेव्हा मंत्रालयाने आधी अनावश्यक प्रवास टाळा म्हणून सांगितलं. काही दिवसांतच, तिथे असलेल्या भारतीयांनी मिळेल त्या मार्गाने बाहेर पडावं, असं दूतावासाला सांगावं लागलं. माझ्या भावाच्या यादीत या सल्ल्याला जागाच नव्हती.

"पण तो सल्लाच आहे ना, बंदी थोडीच आहे?" बरोबर. सल्ला म्हणजे बंदी नव्हे, आणि तो डावलून गेलात तर कोणी गुन्हा दाखल करणार नाही. पण इथे तिसरं खातं येतं, विम्याचं. इराण प्रवेशासाठी आरोग्यविमा मागतो. आपल्याकडच्या पुष्कळ प्रवासविमा पॉलिसींत युद्ध आणि युद्धसदृश स्थितीतलं नुकसान वगळलेलं असतं, आणि आंतरराष्ट्रीय निर्बंध असलेल्या देशांबद्दल वेगळं कलम असतं. पॉलिसीवर 'जगभर' असं छापलंय म्हणून खूश होऊ नका. इराणचं नाव घेऊन कंपनीला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

चौथी गोष्ट पैशाची. निर्बंधांमुळे आपली व्हिसा किंवा मास्टरकार्डची कार्डं इराणमध्ये चालत नाहीत. हे रिझर्व्ह बँकेच्या नियमांतही उमटलेलं दिसतं. परदेशी जाताना एका फेरीला साधारणपणे तीन हजार डॉलरपर्यंतच रोख परकीय चलन नेता येतं. इराक आणि लिबियासाठी ही मर्यादा पाच हजार आहे. इराण, रशिया आणि सोव्हिएत संघातून फुटलेल्या काही देशांसाठी मात्र मंजूर असलेली सगळी रक्कम नोटांत नेण्याची मुभा आहे. म्हणजे सहलीचे सगळे पैसे कमरेला बांधून फिरायचं. ते संपले किंवा चोरीला गेले, तर घरून कोणी मोबाइलवर दोन मिनिटांत पाठवेल ही सोय नाही.

गैरसमज: काही झालं तर सरकार विमान पाठवेल.

पाठवतं, आणि त्याबद्दल आदर असावा. पण ते कसं येतं, तेही बघावं. जून २०२५ मध्ये इस्राएल आणि इराणचं युद्ध पेटलं तेव्हा इराणचं आकाश बंद झालं. सरकारने 'ऑपरेशन सिंधू' सुरू केलं. त्यात सुटलेली पहिली तुकडी उर्मियात शिकणाऱ्या ११० विद्यार्थ्यांची होती. त्यांना रस्त्याने सीमा ओलांडून आर्मेनियात नेण्यात आलं, तिथून येरेवानच्या विमानतळावरून ते निघाले आणि १९ जूनच्या पहाटे दिल्लीला उतरले. पुढे इराणने भारतीयांसाठी मशहदहून उड्डाणांना वाट दिली. इराण आणि इस्राएल मिळून चार हजार चारशेहून जास्त माणसं परत आली. काम मोठंच होतं. पण त्यात बसचा प्रवास होता, सीमेवर थांबणं होतं, आणि आपलं नाव दूतावासाच्या यादीत असणं होतं. आपण कुठल्या गावात, कुठल्या हॉटेलात आहोत हे दूतावासाला कळवलंच नसेल, तर त्यांनी शोधायचं तरी कसं? ही नोंदणी फुकट असते. तरीही आपल्याकडचे पर्यटक ती सहसा करत नाहीत.

आता बाकीचे गैरसमज, एकेका दमात.

"ऑनलाइन अर्ज केला, कोड आला, म्हणजे व्हिसा आला." नाही. इराणच्या अर्जानंतर मंजुरीचा क्रमांक येतो. तो घेऊन वकिलातीतून व्हिसा घ्यायचा असतो. आपल्याला जवळची वकिलात मुंबईत आहे. आणि अर्ज इराणच्या परराष्ट्र खात्याच्याच संकेतस्थळावर करा, ज्याच्या पत्त्याच्या शेवटी 'एमएफए डॉट आयआर' असतं. हुबेहूब दिसणारी, तिप्पट पैसे घेणारी दुकानं बाजूला पुष्कळ आहेत.

"इराणला गेलं की अमेरिकेचा व्हिसा कायमचा बंद." हा नियम अर्धवट ऐकलेला आहे. १ मार्च २०११ नंतर इराणला गेलेल्यांना अमेरिकेत व्हिसाविना प्रवेशाच्या योजनेचा लाभ मिळत नाही, हे खरं. पण भारत त्या योजनेत नाहीच. आपल्याला व्हिसा तसाही लागतो. ही अडचण लंडनमध्ये ब्रिटिश पासपोर्ट घेतलेल्या आपल्या चुलतबहिणीची. आपल्या अर्जात गेल्या पाच वर्षांतल्या प्रवासाची माहिती विचारतात. तिथे इराण लपवू नका. इराणला गेल्याचं समजावून सांगता येतं, खोटं लिहिल्याचं सांगता येत नाही.

"इस्राएलला जाऊन आलो, त्याचं काय?" याचं मात्र बरंच काही. इस्राएलचा व्हिसा किंवा शिक्का पासपोर्टवर दिसला, तर इराण प्रवेश नाकारतो. लाल देवळाच्या आसपास वाढलेल्या, निम्मी भावकी तिकडे असलेल्या बेने इस्राएली मित्रमंडळींना हे सांगावं लागत नाही. बाकीच्यांना लागतं.

"त्या देशाने व्हिसा दिला, तर आपलं सरकार अडवूच शकत नाही." अडवू शकतं. येमेनला जाण्यावर २०१७ पासून पासपोर्ट कायद्याखाली बंदी आहे. तिथे फाशीची शिक्षा झालेल्या केरळच्या परिचारिकेच्या आईलासुद्धा मुलीला भेटायला जाण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाचं दार ठोठावावं लागलं.

"थायलंडला काय धोका? तिथे तर व्हिसाच नाही." थायलंडला नाही, पण तिथली नोकरीची जाहिरात वाचा. सीमेवरची मोएई नदी ओलांडली की म्यानमारमधलं म्यावड्डी, आणि तिथे माणसांना डांबून ऑनलाइन फसवणूक करून घेणारी केंद्रं. मार्च २०२५ मध्ये दोन दिवसांत ५४९ भारतीयांना वायुदलाच्या विमानांनी परत आणलं. पर्यटक म्हणून प्रवेश मिळतो तो पर्यटनासाठी. नोकरी देणारा माणूस 'आधी टुरिस्ट म्हणून या' म्हणाला, की फोन ठेवून द्या.

"पासपोर्ट माझा आहे, मी त्याचं काहीही करेन." तो तुमचा नाही. कायद्याने पासपोर्ट ही कायम केंद्र सरकारची मालमत्ता असते. एप्रिल २०२५ मध्ये मुंबई विमानतळावर पुण्याचे एक ५१ वर्षांचे गृहस्थ पकडले गेले. बँकॉकच्या वाऱ्या घरच्यांना कळू नयेत म्हणून त्यांनी पासपोर्टची पानं फाडली होती. घरच्यांपासून लपवायला गेले आणि वर्तमानपत्रात छापून आले.

एवढं सगळं ऐकून मामेभाऊ गप्प बसला. चहाचा दुसरा कप मागवला. "म्हणजे जाऊच नको म्हणतेस." मी तसं म्हणाले नव्हते. शतकानुशतकं माणसं त्या वाटेने आली-गेली, आणि परिस्थिती निवळली की पुन्हा जातील. मी एवढंच म्हणत होते, की चार वेगवेगळे प्रश्न चार वेगवेगळ्या खिडक्यांवर विचारायचे असतात. येऊ द्याल का, हे त्यांच्या वकिलातीला. जावं का, हे आपल्या मंत्रालयाला. पैसे द्याल का, हे विमा कंपनीला. आणि अडकलो तर आमचा पत्ता तुमच्याकडे आहे का, हे दूतावासाला. यादी फॉरवर्ड करणाऱ्या मावशी यातल्या एकाही खिडकीवर बसत नाहीत.

परवा त्याचा मेसेज आला. इराण पुढे ढकललंय. त्याऐवजी कझाकस्तान, कारण तिथे व्हिसा लागतच नाही. माझ्या कपाळाची शीर उडाली. मी तपासून बघितलं, आणि या वेळी त्याचं खरं निघालं. भारतीयांना कझाकस्तानमध्ये व्हिसाविना राहता येतं. चौदा दिवस.

त्याने आखलेली सहल सतरा दिवसांची आहे.