आपण चित्रपटात काय पाहतो?

चित्रपट सुटला म्हणजे थिएटरच्या दारात एकच प्रश्न ऐकू येतो, ‘कसा वाटला?’ आणि उत्तरही बहुधा एकच मिळते, ‘बरा होता.’ दोन-तीन तास जे डोळे भरून पाहिले, त्याचा हिशेब एवढ्या एका शब्दात मिटवणे हा आपण आपल्याच रसिकतेवर केलेला अन्याय होय. वस्तुतः सामान्य प्रेक्षक पुष्कळ काही टिपत असतो. सांगण्याची सवय मात्र त्याला नसते. शिवाय प्रत्येक जातीच्या चित्रपटात त्याची नजर निराळे काही शोधत असते, हे त्याचे त्यालाही ठाऊक नसते. ते थोडे उलगडून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पौराणिक चित्रपटापासून आरंभ करू. कारण आपल्या चित्रपटाचा आरंभही तेथूनच झाला. दादासाहेब फाळक्यांच्या ‘लंकादहन’मध्ये (१९१७) राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या होत्या. आज आपल्याला याचे हसू येईल. पण त्या चित्रपटाला लोटलेली गर्दी नटाची चिकित्सा करायला आलेली नव्हती. मनात आधीपासून असलेली मूर्ती पडद्यावर हलताना पाहावी, या ओढीने ती आली होती. पुढे काय होणार, हे पुराणकथेत लहान पोरालाही माहीत असते. कुतूहलाची जागा तेथे ओळखीचा आनंद घेतो.

संतपटात या ओळखीला आणखी एक जोड मिळते. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली आला आणि दुसऱ्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. दामले आणि फत्तेलाल यांच्या या चित्रपटात विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम पाहताना प्रेक्षक हात जोडीत. पण त्यांच्या मनात घर करून राहिली ती गौरीने उभी केलेली जिजाई. चुलीची आणि पोरांच्या पोटाची काळजी वाहणारी, नवऱ्यावर तोंड टाकणारी आणि त्याच्यावर जीवही टाकणारी ही बाई प्रत्येकाने आपल्या आळीत पाहिलेली होती. शेवटी विमान आकाशात जाते आणि जिजाई खालीच राहते. भाविकाची नजर विमानाबरोबर वर जाते. संसारी माणसाची नजर जिजाईपाशी थबकते. दोघेही खरेच पाहत असतात. चमत्कारावर विश्वास बसतो तो चुलीवर विश्वास बसल्यामुळे, हे या चित्रपटाचे मर्म आहे.

सामाजिक चित्रपटात प्रेक्षक स्वतःच्या घराकडे पाहत असतो. ‘कुंकू’मध्ये (१९३७) फसवून म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेली नीरा त्याची पत्नी होण्याचे नाकारते. व्ही. शांतारामांनी या चित्रपटात पार्श्वसंगीत ठेवलेच नाही. घरातले आणि रस्त्यावरचे आवाज तेवढे ठेवले. वाद्यवृंद वाजू लागला की ‘आता रडायचे’ असा इशारा प्रेक्षकाला मिळतो. तो इशारा काढून घेतला, तेव्हा काय वाटून घ्यायचे हे ज्याचे त्याला ठरवावे लागले. असा चित्रपट पाहताना माणसे अस्वस्थ होतात, खुर्चीत चुळबुळतात. ती चुळबुळ हीच त्याला मिळालेली दाद समजावी.

विनोदाची तऱ्हा याहून वेगळी. ‘अशी ही बनवाबनवी’मध्ये (१९८८) दोन पुरुष बायकांच्या वेषात भाड्याच्या घरात राहतात. हे आपल्याला माहीत असते, घरमालकिणीला नसते. पात्रापेक्षा आपण एक पाऊल पुढे असतो आणि ते गुपित आता फुटते की मग, या धास्तीतून हसू फुटते. म्हणूनच हा चित्रपट दहाव्यांदा पाहतानाही लोक नटाच्या आधी संवाद म्हणतात आणि पुन्हा हसतात. हसायला मात्र सोबत लागते. भरल्या थिएटरात एक जण हसला की त्याचे हसू साऱ्या रांगेत पसरते. एकट्याने मोबाइलवर पाहताना तोच प्रसंग निम्माच रंगतो.

रहस्यपटात नेमके उलटे घडते. राजा परांजप्यांच्या ‘पाठलाग’मध्ये (१९६४) आरोपीच्या पिंजऱ्यात उभी असलेली स्त्री एका दिवंगत पत्नीसारखी हुबेहूब दिसते. येथे पडद्याला आपल्यापेक्षा अधिक माहीत असते. मग आपण हातवारे, नजर, शब्दांतली फट असे सारे गोळा करू लागतो. एरवी दुर्लक्षिलेला तपशील या जातीत सर्वांत मोलाचा ठरतो. दुसऱ्यांदा पाहताना ‘पुढे काय’ संपलेले असते. आपल्याला कसे चकवले, ते पाहण्याची मौज उरते.

तमाशापटाला तर पुनःपुन्हा येणारा प्रेक्षकच गृहीत धरलेला असतो. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पुण्यात विजयानंदला १३१ आठवडे चालला. अडीच वर्षे लोक केवळ कथा ऐकायला येत होते, असे कोण म्हणेल? ढोलकीची थाप, लावणीचा ठेका, हंसा वाडकर आणि जयश्री गडकर यांचा अभिनय यांसाठी ते येत. गाण्याची मैफल एकदा ऐकून संपत नाही, तसेच हे.

भरतमुनींनी रसाला भोजनाची उपमा दिली आहे. ती पुढे नेऊन असे म्हणता येईल की श्रीखंडाच्या वाटीत ठेच्याची चव शोधणारा उपाशीच उठणार आणि दोष आचाऱ्याला देणार. ‘काय ते अचकट विचकट नाच’ किंवा ‘काय तो रडका, संथ चित्रपट’ हे आपले शेरे पुष्कळदा याच प्रकारचे असतात. तमाशापटाला गर्दी करणाऱ्या प्रेक्षकाला अडाणी म्हणून नाके मुरडली गेली. पण कोणत्या ठेक्याला पाऊल कसे पडले, हे त्याला नाक मुरडणाऱ्यापेक्षा अधिक कळत होते.

अर्थात जात ओळखणे म्हणजे तिच्यात अडकून पडणे नव्हे. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ची (२०१६) आठवण करावी. गाणी सुरू झाली की प्रेक्षक खुर्च्या सोडून नाचत होते. प्रेमपट आला, तेव्हा प्रेमच जिंकणार, असे सारे धरून चालले होते. आणि अखेरीस रक्ताने माखलेली लहान पावले उमटवीत एक मूल चालत जाते. संगीत नाही, शब्द नाही. नाचणारे तेच लोक गप्प होऊन बाहेर पडले. आपण ज्या जातीच्या चित्रपटाला आलो होतो, तो मधेच काढून घेतला गेला आणि त्याच्या जागी जातीसाठी माणसे मारणारा आपलाच समाज उभा राहिला. नाचलो नसतो, तर ती शांतता एवढी टोचली नसती.

तेव्हा यापुढे कोणी ‘कसा वाटला?’ असे विचारले, तर ‘बरा होता’ म्हणून सुटका करून घेऊ नये. कोठे हसलो, कोठे चुळबुळलो, कोठे गप्प झालो, ते सांगावे. दुसऱ्याने काय पाहिले, तेही ऐकावे. एकाच रांगेत बसून शेजाऱ्याने विमान पाहिलेले असते आणि आपण जिजाई. त्या दोन्ही गोष्टी घरी नेता आल्या, तर एका तिकिटात दोन चित्रपट पाहिल्यासारखे होईल.